शूलपाणीच्या झाडींतले भाऊ

नर्मदातीरीं गरुडेश्वरास जाऊन आलेलीं माणसें आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असतील. श्रीवासुदेवानंदसरस्वती टेंबेस्वामी यांनीं १९१४ सालीं तेथें देह ठेवला. तेव्हांपासून दत्तभक्तांचा ओघ त्या कांठाकडे चालूच आहे. समाधीचें दर्शन घ्यावें, स्नान करावें, प्रसाद घ्यावा, आणि अलीकडे सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा व जवळचें मोठें धरण पाहून परतावें, असा सर्वसाधारण क्रम आहे. धरणाच्या भिंतीपलीकडे काय आहे, हें विचारणारा यात्रेकरू विरळा. आम्हीही दोन वेळां तसेच परत आलों होतों. तिसऱ्या खेपेस मात्र घरांतल्या वडील मंडळींनीं एक काम सांगितलें, आणि त्या कामानें आम्हांला भिंतीपलीकडे, मणिबेलीस नेलें.

काम एवढेंच, कीं शूलपाणेश्वरास एक नारळ वाहून यावा. त्यामागची हकीकत अशी. आमच्या आजोबांचे एक चुलते सुमारें सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं नर्मदेची परिक्रमा पायीं करून आले होते. तीन वर्षें, तीन महिने, तेरा दिवस हा त्या व्रताचा सांप्रदायिक काल. ओंकारेश्वराहून दक्षिण तीरानें पश्चिमेस चालतां चालतां सातपुड्याच्या दाट अरण्यांत, जिला शूलपाणीची झाडी म्हणत त्या झाडींत, भिल्लांनीं त्यांस लुटलें. भांडीं, पांघरूण, अंगावरचा सदरा, कांहीं ठेविलें नाहीं. ही गोष्ट आमच्या घरीं चातुर्मासांत नेमानें सांगितली जाते, आणि ऐकतांना लहान मुलें आईजवळ सरकून बसतात. परिक्रमावासी या लुटीला फारसा दोष देत नसत. नर्मदा ही माता, तेव्हां तिच्या कांठचे भिल्ल ते मामा. मामांनीं भाच्याचा अहंकार काढून घेतला, असें ते म्हणत. आमच्या घरीं मात्र लुटीचीच गोष्ट तेवढी उरली.

निघण्यापूर्वीं त्या चुलत्यांची मोडी लिपींतली वही आम्हीं माळ्यावरून काढली आणि मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून वाचून घेतली. लुटीचा मजकूर होताच. पण त्याखालीं आणखी चार ओळी होत्या, ज्या घरांत कोणीं कधीं सांगितल्या नव्हत्या. लूट झाल्यावर एक म्हातारा भिल्ल भेटला. त्यानें कण्या शिजवून दिल्या, आपलें जुनें धोतर फाडून अर्धें दिलें, आणि दोन दिवस पुढें चालून शूलपाणेश्वराच्या देवळापाशीं आणून सोडलें. तो म्हातारा तरुणपणीं साहेबाच्या पलटणींत शिपाई होता. निरोप देतांना तो म्हणाला कीं, ज्यांनीं तुम्हांस लुटलें त्यांत माझा सख्खा भाऊ होता.

या चार ओळी मनांत घेऊन आम्ही निघालों. गरुडेश्वराहून मणिबेली सरळ रेषेंत फार दूर नाहीं. परंतु मधें धरण आणि त्याचा जलाशय, त्यामुळें वाट वळसा घालून जाते. राजपिपळा, देडियापाडा, सागबारा करीत आम्ही अक्कलकुव्यास पोंचलों. सागबाऱ्याच्या बाजूस देवमोगरा मातेचें स्थान आहे. महाशिवरात्रीस तेथें गुजरात-महाराष्ट्रांतल्या आदिवासींची मोठी यात्रा भरते. अक्कलकुव्याहून मोलगीकडे रस्ता चढूं लागला, कीं सातपुड्याचें खरें रूप दिसतें. याच टापूंत काठी हें गांव, जेथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. चिखली, काठी, नाला, नवलपूर, गव्हाळी, सिंगपूर हीं इंग्रजी अमदानींतलीं मेवासी संस्थानें म्हणजे याच डोंगरांतलीं भिल्ल जहागिरदारांचीं लहान लहान राज्यें. आम्ही गेलों तेव्हां चैत्र लागला होता. मोहाचीं फुलें वेंचून झालीं होतीं, सागाचीं पानें गळालीं होतीं, आणि उघड्या उतारांवर एकेक घर आपापल्या शेतांत दूर दूर उभें दिसत होतें. भिल्लांचें गांव आपल्या गांवासारखें दाट वस्तीचें नसतें. एक गांव म्हणजे अनेक पाडे, आणि पाड्यांतलीं घरें एकमेकांना हांक ऐकूं येईल इतक्या अंतरावर.

मोलगीहून जीपनें आणि शेवटीं पायीं उतरत आम्ही पाण्याच्या कांठाशीं आलों. समोर नदी नव्हती, सरोवर होतें. उन्हाळ्यानें पाणी कांहींसें ओसरलेलें. कांठावर वाळक्या गाळाचा पट्टा आणि त्यांत मेलेल्या झाडांचे काळे बुंधे. एका नावाड्यानें आम्हांला नावेंत घेतलें. पन्नाशीचा, काटक, अंगांत पांढरा सदरा. आम्हीं नारळ दाखवून शूलपाणेश्वराचें देऊळ विचारलें, तेव्हां त्यानें वल्हें थांबवून पाण्याकडे हात केला.

"देऊळ खालीं आहे, काका. नवीन देऊळ तिकडं गोऱ्याला बांधलंय, गुजरातेंत. तुमचा नारळ जुन्या देवाचा असेल, तर इथंच सोडा."

आम्ही नारळ हातांत धरूनच बसलों. वहींतला तो म्हातारा ज्या देवळाच्या पायरीपर्यंत आमच्या पूर्वजास घेऊन आला, ती पायरी आमच्या नावेखालीं कोठेंतरी होती.

आतां त्या म्हाताऱ्याविषयीं. साहेबाची पलटण म्हणजे खानदेश भिल्ल पलटण, यांत शंका नाहीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हां हा प्रांत उजाड झालेला होता. १८०३-०४ च्या सुमारास होळकरांच्या स्वाऱ्या आणि दुष्काळ यांनीं गांवें ओस पाडिलीं. गांवोगांवची राखण करून हक्क घेणारे भिल्ल त्यामुळें डोंगरांत गेले आणि लुटीवर जगूं लागले. त्यांच्या बंदोबस्ताच्या नांवाखालीं आपल्याच राज्यांतल्या अधिकाऱ्यांनीं काय केलें, तें सांगतांना मान खालीं जाते. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानें कोपरगांवीं भिल्लांस विश्वासानें बोलावून त्यांची कत्तल केली. चातुर्मासांत लुटीची गोष्ट सांगणाऱ्या आमच्यासारख्या घरांनीं ही गोष्टही त्याच बैठकींत सांगावयास हवी होती.

इंग्रजांनीं प्रथम कांहीं वर्षें बंदुकीचाच उपाय केला; तो पुरला नाहीं. मग १८२५ सालीं एल्फिन्स्टन यांच्या धोरणानें भिल्लांना शेतीवर बसविण्यासाठीं अधिकारी नेमले गेले, आणि त्यांच्यांतल्यांनाच शिपाई करण्याचें काम जेम्स आउट्रम या तरुण लेफ्टनंटकडे आलें. त्यानें आधीं एका टोळीवर छापा घातला, आणि मग धरलेल्या माणसांच्या द्वारें त्यांच्या डोंगरांतल्या आप्तांशीं बोलणें सुरू केलें. त्यांच्याबरोबर तो एकटा रानांत राहिला, शिकारीस गेला, दारू पाजली, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांवर पलटणीचा पाया घातला. पुढें धरणगांव हें तिचें ठाणें झालें आणि थोड्याच वर्षांत शिपायांची संख्या सहाशेंच्या घरांत गेली. म्हणजे ही पलटण मुळांतच अशी उभी राहिली, कीं एक भाऊ कैदेंत, एक रानांत, आणि एक कवायतीच्या मैदानावर.

आरंभींची एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. आउट्रम या नव्या भिल्ल शिपायांना घेऊन मालेगांवीं आपल्या जुन्या पलटणींत गेला. तेथल्या उच्चवर्णीय शिपायांनीं त्यांची हेटाळणी केली असती, तर सगळा डाव तेथेंच मोडला असता. परंतु त्यांनीं भिल्लांना आपल्यांत बसवून घेतलें, खाऊं घातलें, त्यांच्याशीं बोलले. जीं माणसें पिढ्यान्पिढ्या गांवाच्या वेशीबाहेर उभीं केलीं गेलीं, त्यांना कोणीतरी शेजारीं बसवून घेतलें; एवढ्यानें तीं टिकलीं.

टिकलीं, पण कोणत्या कामासाठीं? १८३० सालीं डांगांतल्या भिल्ल राजांवर मोहीम निघाली, तींत हीच पलटण पाठविली गेली. आणि १८५७ उजाडलें, तेव्हां प्रसंग याहून कठीण झाला. मणिबेलीच्या पूर्वेस याच सातपुड्याच्या रांगेंत सेंधव्याचा घाट आहे. मुंबई-आग्रा रस्ता तेथून जातो. त्या घाटाची राखण खाज्या नाईक याच्या घराण्याकडे होती. त्यानें स्वतः कंपनी सरकारची चाकरी वर्षानुवर्षें केली; पुढें एका माणसाच्या मृत्यूबद्दल तुरुंग भोगला; सुटला, पुन्हा चाकरीस लागला, आणि १८५७ सालीं भीमा नाईक याच्यासह उठला. त्यांच्याबरोबर भिल्ल होते, अरब व मकराणी शिपाईही होते. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांतच आंबापाणी येथें लढाई झाली. सरकारी फौजेंत भिल्ल पलटणीचे शिपाई होते. समोरच्या खडकांमागेंही भिल्लच होते. खाज्याचा तरुण मुलगा तेथें कामीं आला. हातीं लागलेल्या पुष्कळ लोकांस लष्करी न्यायसभा जागच्या जागीं भरवून गोळ्या घातल्या गेल्या, आणि शेंकडों बायका धरल्या गेल्या. खाज्या १८६० सालीं दग्यानें मारला गेला. भीमा पुढें पकडला गेला आणि १८७६ सालीं अंदमानांत वारला.

नाइकांचीं नांवें राहिलीं, साहेबांचीं तर राहिलींच. पण खडकाच्या या बाजूस किंवा त्या बाजूस जो साधा पायदळ शिपाई उभा होता, त्याचें नांव कोणाच्या ओठांवर नाहीं. त्या दिवशीं नेम धरतांना समोरून ओळखीची हांक ऐकूं आली असेल, तर त्यानें काय केलें असेल? आमच्या वहींतला म्हातारा वयाच्या हिशेबानें त्या काळीं पलटणींत असणें शक्य आहे. तो आंबापाणीस होता असें म्हणावयास मात्र आधार नाहीं.

भावाभावांमधें अशी भिंत पडणें ही कांहीं सातपुड्याचीच कहाणी नव्हे. खाज्या मारला गेला त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८६१ सालीं, अमेरिकेंत उत्तर आणि दक्षिण यांचें यादवी युद्ध पेटलें आणि चार वर्षें चाललें. दक्षिणेच्या पायदळांत एका तालुक्यांतल्या तरुणांची एक कंपनी होई, त्यामुळें सख्खे भाऊ एकाच रांगेंत उभे राहत आणि कित्येकदां एकाच दिवशीं पडत. सीमेवरच्या केंटकी प्रांतांत तर उलटें झालें: तेथल्या क्रिटेंडन नांवाच्या पुढाऱ्याचे दोन मुलगे परस्परविरुद्ध सैन्यांत सेनापति होते. दक्षिणेनें १८६२ सालीं सक्तीची भरती सुरू केली. पण वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या पुरुषास सूट ठेविली. गुलाम बाळगणारा घरीं, आणि ज्याच्याजवळ स्वतःच्या दोन हातांखेरीज कांहीं नाहीं तो रणांत, असा तो न्याय होता. तो शिपाई शूर होता म्हणून त्याची बाजू चांगली ठरत नाहीं. ती बाजू गुलामगिरी राखण्याची होती. हरलेला प्रत्येक जण न्यायाचा असतोच असें नाहीं, आणि जिंकलेला तर नाहींच नाहीं. त्या युद्धाचे पडसाद आपल्या खानदेशांतही उमटले. अमेरिकेचा कापूस अडला, तसा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सपाटीवरचे सावकार गबर झाले, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळला. त्या परक्या शिपायांचीं पत्रें, हजेरीपटें, निवृत्तिवेतनाचे अर्ज त्यांच्या नातवंडांनीं जपून ठेविले आहेत. आपल्या भिल्ल शिपायाच्या वांट्याला काय आलें? आमच्या माळ्यावरच्या वहींतल्या चार ओळी. भिल्ल पलटणही १८९१ सालीं पोलिसांत विलीन झाली.

हें सगळें आम्ही नावेंत तुटक तुटक बोलत होतों. नावाडी ऐकत होता. आमच्यापैकीं एकानें त्याला विचारलें, "तुम्हांला भाऊ किती?"

"दोन. मोठा परवेट्याला गेला. मधला वारला. मी इथंच."

परवेटा म्हणजे गुजरातेंतली पुनर्वसनाची वसाहत. पंडित नेहरूंनीं १९६१ सालीं केवडियास कोनशिला बसविली. १९७९ सालीं लवादाचा निवाडा झाला. आणि महाराष्ट्रांतलीं अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतलीं ३३ गांवें पाण्याखालीं जाणार हें ठरलें. धरणाच्या वरच्या अंगाला महाराष्ट्रांतलें पहिलें गांव मणिबेली. म्हणून पाणी आधीं येथें आलें, आणि लढाही आधीं येथें उभा राहिला. कांहीं घरांनीं जमीन घेऊन गांव सोडलें. कांहींनीं आम्ही हटणार नाहीं असें म्हणून घरांत पाणी शिरेपर्यंत ठाण मांडिलें. नर्मदा बचाव आंदोलनाचें ठाणें येथेंच होतें. १९९३ सालीं जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग भारत सरकारनें सोडून दिला. १९९४ सालीं ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनीं मोठ्या धरणांना बँकेनें पैसा देणें थांबवावें असें जाहीर केलें, आणि त्या जाहीरनाम्याला याच गांवाचें नांव दिलें. तरी धरण वाढत गेलें. २०१७ सालीं तें पूर्ण झालें, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस लागलें. धरणानें गुजरातच्या कोरड्या मुलुखाला पाणी दिलें, हें खरें. तें पाणी कोणाच्या अंगणावरून गेलें, हेंही तितकेंच खरें.

"मग मोठ्या भावाशीं बोलणें आहे ना?" आम्हीं भीत भीत विचारलें.

तो बराच वेळ वल्हवीत राहिला. मग म्हणाला, "आठ-नऊ वर्सं नव्हतं. आम्ही म्हणायचो, तो सरकारचा झाला. तो म्हणायचा, तुम्ही पोरांना बुडवाल. मधला वारला तेव्हां तो आला. रात्रभर बसला. मला म्हणाला, तिकडं जमीन आहे, पण डोंगर नाहीं. मी म्हणालो, इकडं डोंगर आहे, जमीन नाहीं. तेव्हांपासून दर होळीला येतो."

त्यावर आम्हांला कांहीं बोलतां आलें नाहीं. गेलेल्यास भित्रा म्हणावें, कीं राहिलेल्यास हट्टी? दोघांपुढें जो पेंच उभा राहिला, तो त्यांनीं मांडलेला नव्हता. बाहेरून आला होता. पलटणींतल्या भावापुढें आणि रानांतल्या भावापुढेंही तो असाच बाहेरून आला असावा. एकानें कवायत पत्करली म्हणून पोरें जगलीं. दुसऱ्यानें रान सोडलें नाहीं म्हणून रानाची आठवण जगली. या दोघांत न्यायनिवाडा करावयास आम्ही बसावें, असा आमचा अधिकार नाहीं. आमच्या पूर्वजाला मात्र तो निवाडा न करतां आधीं लुटलें आणि मग अर्धें धोतर दिलें.

परिक्रमावासी सांगतात, कीं शूलपाणीच्या झाडींत अश्वत्थामा अजून फिरतो. भावाभावांच्या त्या युद्धांत हरलेल्या बाजूचा तो अखेरचा योद्धा. कपाळावरची जखम बरी होत नाहीं आणि मरणही येत नाहीं. आम्हीं नावाड्याला ही कथा विचारली. तो हसला. "झाडीच गेली, काका. तो आतां कुठं फिरणार?"

सूर्य कलूं लागला तेव्हां आम्हीं नारळ पाण्यांत सोडला. तो बुडाला नाहीं. लाटेवर हेलकावत कांठाकडे जाऊं लागला. नावाड्यानें तो वल्ह्यानें जवळ ओढून पुसला आणि आमच्या हातीं दिला. "देवानं परत दिला. फोडा, सगळे खाऊं." नावेच्या कडेवर नारळ फोडून आम्हीं खोबरें वांटून घेतलें. मागें वरच्या पाड्यावर शाळा सुटल्याचा पोरांचा गलका ऐकूं येत होता.

घरीं परतल्यावर रात्रीं जेवणें झालीं, आणि माजघरांत सगळीं बसलीं असतां वहींतला मजकूर आम्हीं प्रथमच पुरता वाचून दाखविला. लुटीच्या पुढच्या त्या चार ओळींसह. कोपरगांवची हकीकतही सांगितली. कोणी मधें बोललें नाहीं. शेवटीं घरांतल्या सर्वांत वडील काकूंनीं विचारलें, "ज्यानें वाट दाखविली, त्याचें नांव काय लिहिलें आहे?"

आम्हीं पुन्हा पानें उलटून पाहिलीं. काशीपासून भडोचपर्यंतच्या प्रत्येक पुरोहिताचें, धर्मशाळेचें आणि सदावर्ताचें नांव वहींत होतें. त्या शिपायाचें नव्हतें.

नावाड्याचें नांव आम्हीं उतरतांना विचारून घेतलें होतें. तें त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या रात्रीं लिहून ठेविलें, आणि त्याखालीं त्याच्या दोन्ही भावांचें.